काचेवर न उमटलेला ठिपका

नलूच्या हातचा ठिपका कधी पसरत नसे, आणि हे तिला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं. यवतमाळच्या एमआयडीसीतल्या एका खाजगी तपासणी प्रयोगशाळेत ती उमेदीची सगळी वर्षं राबली. हळद, तिखट, गोडंतेल, सरकीची ढेप, आयुर्वेदिक चूर्णं, जे दारात येईल ते तपासायचं. नलूच्या वाट्याला पट्टीचं काम होतं. लॅबमधली पोरं त्याला टीएलसी म्हणतात, आपण पट्टीच म्हणू.

काम समजायला फार डोकं लागत नाही. काचेच्या पट्टीवर पांढऱ्या सिलिकाचा पातळ थर असतो. खालच्या कडेला नमुन्याचा मोहरीएवढा ठिपका द्यायचा, शेजारी ओळखीच्या पदार्थाचा द्यायचा, आणि पट्टी झाकणाच्या भांड्यात थोड्याशा द्रावणात उभी करायची. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं द्रावण वर चढतं आणि ठिपक्यातल्या पदार्थांना ओढत नेतं. कोणी पटापट जातो, कोणी मागे रेंगाळतो. नेरच्या बाजारातून सगळे एकदमच निघतात, पण चांगल्या गुडघ्याचा आधी घरी पोचतो न् दुखऱ्या गुडघ्याचा मागून, तसंच. मग पट्टी यूव्ही दिव्याखाली धरायची. नमुन्याचा ठिपका ओळखीच्या ठिपक्याच्या उंचीला आला, की चोर सापडला.

शेजारच्या एसीच्या खोलीत एचपीएलसीचं यंत्र होतं. त्यात बोटाएवढी पोलादी नळी, आत मैद्याहून बारीक भुकटी ठासून भरलेली. तिला कॉलम म्हणायचं. पंप द्रावणाला जोरानं त्या नळीतून दाबतो, पदार्थ ज्याच्या त्याच्या वेळेला पलीकडून बाहेर पडतात, आणि पडद्यावरची सरळ रेघ तेवढ्यापुरती टेकडीसारखी उठते. चिमटीत न येणारा पदार्थही त्याला दिसतो, किती आहे तेही कळतं. पण यंत्रावरचा नमुना महाग, आणि मालकाला विचारल्याशिवाय त्याला हात लावायची सोय नाही. पट्टी तशी गरीब. जेवणाच्या सुट्टीतही होते.

यंत्र निशिगंधाकडे होतं. एम.एस्सी. झालेली, नलूहून पुष्कळ लहान, पण मनानं चांगली पोरगी. ती चिडवायची, "नलूताई, तुमची पट्टी म्हणजे बैलबंडी."

"बंडी तं बंडी," नलू म्हणायची. "घरी तं पोचवते ना? तुमचं यंत्र अर्धं वर्ष दुरुस्तीवाल्याची वाट पाहून राह्यते."

हसायच्या दोघी. त्या हसण्यात नलूच्या मनात एक गोष्ट पक्की होत गेली, की पट्टीला जे दिसलं नाही ते नाहीच. माणूस अर्ध्या हळकुंडानं पिवळा होतो म्हणतात. इथं तर हळदीचीच लॅब.

नलूचा बाप भीमराज. नेरजवळच्या एका गावचा, उभी हयात जिनिंगमध्ये कापसाचे बोजे पाठीवर वाहिलेला. नलूची आई लवकर गेली, पण वस्तीतली पहिली बी.एस्सी. पोरगी त्यानंच घडवली. "माह्या पाठीवर शिकली हे," असं तो चारचौघांत सांगायचा. नलूचं लग्न झालं आणि मोडलं, तेव्हा लोकांनी तोंडाला येईल ते म्हटलं. भीमराज एवढंच म्हणाला, "तुही नोकरी हाय ना? मंग रडते काहून?" ती यवतमाळला खोली करून राहिली. बाप गावी धाकट्या राजदीपपाशी. राजदीप नेर ते गाव ऑटो चालवायचा. दर रविवारी नलू एसटीनं गावी जायची, बापाला आवडतात म्हणून भजी बांधून न्यायची.

भीमराजच्या आयुष्यात हौस म्हणावी अशी एकच. दरवर्षी अशोक विजयादशमीला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं. बसनं उतरलं की पुढे पायीच. राजदीप म्हणायचा, बाबा, रिक्षा करा. त्यावर म्हातारा भडकायचा. "ज्या जागेनं आपल्याले पायावर उभं केलं, तिथं पायानं जा लागते. बसून जाशीन तं कायले जाशीन?"

मग गुडघ्यांनी दगा दिला. जन्मभर बोजे वाहिल्यावर दुसरं काय होणार! एका दसऱ्याला तो नवा पांढरा सदरा घालून निघाला, आणि गावच्या फाट्यापर्यंतही पोचला नाही. परत आला, पडवीत भिंतीकडे तोंड करून बसला. कोणाशी बोलेना. नलूनं बापाला रडताना जन्मात पहिल्यांदा पाहिलं, आणि ते तिच्या काळजात रुतून बसलं. डॉक्टर झाले, तेलं झाली, शेक झाले. गुडघे काही ऐकेनात.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या सुमारास राजदीपनं नेरच्या बाजारातून डोमाजीच्या पुड्या आणल्या. डोमाजी म्हणजे कोणी बदमाश नव्हे हो. साठीचा, गोड बोलणारा, बाजाराच्या दिवशी निंबाखाली ताडपत्री अंथरून बसणारा. बापाच्या हाताखाली झाडपाला ओळखायला शिकलेला. अलीकडे मात्र मुळ्या खणायची न् कुटायची ताकद राहिली नव्हती, म्हणून कुठल्याशा फिरत्या व्यापाऱ्याकडून तयार भुकटी घ्यायचा आणि नुसत्या पुड्या बांधायचा. आत काय आहे ते त्यालाही माहीत नव्हतं. गुण येतो एवढं माहीत होतं.

आणि गुण आला! आठ दिवसांत भीमराज मांडी घालून जेवायला बसला. रविवारी नलू गेली तर म्हातारा विहिरीपासून घरापर्यंत कळशी घेऊन येत होता. नलूला आनंद झाला, आणि आनंदापाठोपाठ शंकाही आली. मुळ्यांनी आठ दिवसांत गुडघे सुटत नाहीत, एवढं तिलाही कळत होतं.

"बाबा, दोन पुड्या मले द्या. मी तपासते. तवरीक घेऊ नका."

"तू तपास ना. मी खाऊन राह्यलो," भीमराज हसत म्हणाला. "मले इतकंच सांग, चांगली हाय का नाही."

सोमवारी जेवणाची सुट्टी झाली तशी नलूनं डबा बाजूला सारला. असल्या पुड्यांत दुखणं मारायच्या गोळ्या कुटून घालतात, हे लॅबच्या शिपायालाही ठाऊक. फ्रीजमध्ये तसल्या तीन औषधांचे ओळखीचे नमुने होते. तिनं पुडी अल्कोहोलमध्ये हलवली, गाळली, आणि तिन्ही औषधांच्या शेजारी आपल्या सवयीचा नेटका ठिपका दिला. तास-दीड तासानं पट्टी दिव्याखाली धरली. तिन्ही औषधं आपापल्या उंचीला चमकत होती. पुडीच्या वाटेवर त्या उंचीला काही नव्हतं. मधोमध झाडपाल्याचा तपकिरी पट्टा मात्र असा दाट उतरला होता, की त्याच्या आड कोणी दडलं असतं तर कळलं नसतं. नलूनं तो पट्टा पाहिला. झाडपाला आहे, पट्टा असणारच, असं म्हणून सोडून दिला.

आता इथं एक सांगायलाच पाहिजे. त्या लॅबमध्ये अहवाल लिहायची एक रीत होती. 'नाही' असं लिहायचं नाही. 'आढळले नाही' असं लिहायचं, आणि काय काय शोधलं त्यांची नावं शेजारी घालायची. जे शोधलंच नाही त्याबद्दल तोंड उघडायचं नाही. नलूनं ही रीत हजारदा पाळली होती, नव्या पोरांना कान धरून शिकवली होती. पण बापाला कोणी अहवाल देतं का? फोनवर तिनं सांगितलं, "बाबा, शुद्ध हाय. काही भेसळ नाही. घ्या खुशाल."

लॅबमध्ये ती जे वाक्य कोणा परक्याला कधी बोलली नसती, ते सख्ख्या बापाला बोलून बसली. मायेनं बोलली, हेच तर दुःख आहे.

भीमराजच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ. आख्ख्या गावाला सांगितलं, "माह्या नलूनं मशिनीत तपासली. शुद्ध हाय!" मशीन वगैरे काही नव्हतं, पण गावाला काय त्याचं! ज्याचे गुडघे दुखत, ज्याची कंबर दुखे, तो डोमाजीकडे जायला लागला. डोमाजीही गिऱ्हाइकाला छातीठोक सांगायचा, यवतमाळच्या लॅबवाल्या बाईनं पास केलेली पुडी आहे.

त्या वर्षी भीमराज दीक्षाभूमीवर पायानं गेला. परत आला तो धुळीनं माखलेला, घसा बसलेला, आणि डोळ्यांत असं काही घेऊन, की नलूला वाटलं आपल्या शिक्षणाचं आज चीज झालं. त्यानं तिच्यासाठी निळे काठ असलेलं पांढरं लुगडं आणलं होतं. "स्टँडपासून चाललो, नलू. एकदा बी बसलो नाही," तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

थंडीत त्याचे गाल भरले. चेहरा गोल झाला, पोट सुटलं. लोक म्हणायचे, "भीमराज, म्हातारपणात तेज आलं गा!" नलूही खूश. हातापायांवर जरा कुठं आपटलं की जांभळे डाग पडायचे, ते कोणी मनावर घेतलं नाही. म्हाताऱ्याची कातडी, दुसरं काय.

होळीनंतर भीमराज डोळे तपासायला यवतमाळला आला आणि पोरीची लॅब बघायची म्हणून दारात येऊन उभा राहिला. निशिगंधानं खुर्ची दिली, पाणी दिलं, गप्पा मारल्या. तो गेल्यावर ती नलूजवळ आली. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"नलूताई, काका स्टिरॉइड घेतात का हो?"

"हट! कायचं स्टिरॉइड? गुडघ्याची पुडी घेतात. मीच तपासलेली."

"माझ्या आत्याचा चेहरा असाच झाला होता. असाच गोल, आणि हातावर असेच डाग." मग तिनं विचारलं, "तुम्ही पट्टीवर स्टिरॉइड शोधलं होतं?"

नलूनं ती पट्टी आठवून पाहिली. शोधलं नव्हतं. फ्रीजमध्ये नव्हतं, म्हणून डोक्यातही आलं नव्हतं.

मालकाची परवानगी निशिगंधानंच काढली. स्टिरॉइडची गोळी औषधाच्या दुकानातून आणून तिचं पातळ द्रावण केलं, आधी ते कॉलममधून सोडलं. टेकडी उठली. मग नलूकडे उरलेल्या दुसऱ्या पुडीचं द्रावण सोडलं. दोघी पडद्यासमोर बसून राहिल्या. सुरुवातीला झाडपाल्याची सगळी गर्दी एकामागून एक निघून गेली. पट्टीवर एकमेकांच्या अंगावर चढून बसलेली ती मंडळी इथं सुटी सुटी झाली होती. मग रेघ सपाट झाली. आणि मग, गोळीची टेकडी जिथं उठली होती अगदी तिथं, दुसरी उठली. स्वच्छ, टोकदार.

एवढंसं स्टिरॉइड पुरतं हो. पेनकिलरसारखं मूठभर घालावं लागत नाही. झाडपाल्याच्या ढिगात ते कणभर, आणि पट्टीवर नेमकं त्या तपकिरी पट्ट्याच्या पोटात बसलेलं. नलूच्या ठिपक्याचा दोष नव्हता. ठिपका नेटकाच होता.

"आधी डॉक्टरला दाखवा, ताई," निशिगंधा म्हणाली.

"दाखवते ना. आधी ते विष तं बंद करते!" नलू पर्स उचलून निघालीसुद्धा.

मिळाली ती एसटी पकडून ती दिवस मावळायच्या आत गावी पोचली. भीमराज अंगणात बाज विणत बसला होता. तिनं चप्पल काढली नाही, जयभीम घातला नाही, तरातरा आत गेली, पुड्यांचा डबा उचलला आणि पेटत्या चुलीत उपडा केला.

"अवं, येडी झाली का तू?" भीमराज धडपडत उठला.

"विष हाय त्याच्यात बाबा! मी चुकली. मले दिसलंच नाही. आजपासून एक चिमूट बी पोटात जाऊ द्यायची नाही. माही आन हाय तुम्हाले."

म्हाताऱ्यानं चुलीत जळणाऱ्या पुड्यांकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "मंग यंदा दसऱ्याले कसा जाईन व नलू?"

ती रडत होती. "मी घेऊन जाईन. गाडी करून. पण आता आन घ्या."

भीमराजनं आन घेतली. बोललेला शब्द फिरवायची त्याच्या घराण्यात रीत नव्हती, आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली आन तर नाहीच नाही. डॉक्टरकडे या रविवारी नको, पुढच्या रविवारी जाऊ असं ठरलं. पुडी बंद झाली होती. मुख्य काम तर झालंच होतं, असं सगळ्यांना वाटलं.

दोन-तीन दिवसांनी गुडघे पुन्हा धरले. ते होणारच होतं. पण मग जेवण जाईना. उठलं की चक्कर. ओकाऱ्या. राजदीपचा फोन आला, "ताई, बाबा लयच मऊ पडून राह्यले." नलूनं त्याला समजावलं, दारू सुटताना नाही का होत, तसंच आहे. सवय सुटताना अंग मागतं. सहन करायला सांग.

भीमराज स्वतः फोनवर आला. आवाज खोल गेला होता. "नलू, अंगात जीवच नाही वाटत व. एखादी अर्धी पुडी..."

"बाबा, नाव काढू नका!" ती कडाडली. "माही आन हाय ना?"

"हाव," तो म्हणाला. "हाय ना."

त्यानंतर त्यानं पुडीचं नाव काढलं नाही.

पुढच्या रविवारची वाट पाहावी लागली नाही. ताप आला, जुलाब झाले, आणि दुपारी राजदीपनं बापाला अंगणात पडलेला पाहिला. ऑटोत घालून नेर, तिथून रुग्णवाहिकेनं यवतमाळच्या दवाखान्यात. नलू पोचली तेव्हा सलाईन चालू होतं, आणि रक्तदाब असा खाली गेलेला, की वर यायचं नाव घेत नव्हता. एका तरुण डॉक्टरनं विचारलं, "बाबा काही औषधं घ्यायचे का? पुडी वगैरे?"

"घेत होते. स्टिरॉइड होतं त्यात. मी बंद केली." जणू शाबासकी मिळेल अशा घाईनं ती बोलली.

"कधी? एकदम?"

"हो. एकदम."

डॉक्टर रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाला, "असं एकदम बंद करत नसतात, ताई. इतके महिने बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं सोडून देतं. हळूहळू कमी करावं लागतं." मग नर्सला इंजेक्शन सांगायला तो धावला. इंजेक्शन तेच होतं. जे नलूनं चुलीत टाकलं, तेच आता दवाखाना सुईनं बापाच्या शिरेत भरत होता. पण शरीराला ते घ्यायला उशीर झाला होता. पहाटेआधी भीमराज गेला.

गावात जयंतीच्या निळ्या पताका लागल्या होत्या. त्याच पताकांखालून त्याला नेलं. पांढरे कपडे घातलेली माणसं त्रिशरण म्हणत होती. अंगावर नलूनं ते निळ्या काठाचं लुगडं नेसलं होतं.

तिसऱ्या दिवशी राजदीप बापाचे कपडे आवरत होता. खुंटीवरच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात त्याला एक पुडी मिळाली. बांधलेली, न उघडलेली. नलूनं डबा चुलीत टाकला तेव्हा ही एक खिशात राहून गेली असणार. म्हातारा खाटेवर पडून होता, सदरा डोक्याशी टांगलेला होता, हात लांबवला की पुडी हाताला लागली असती. त्यानं हात लांबवला नाही. पोरीची आन होती ना.

राजदीपनं ती पुडी फेकायला हात उचलला, तो नलूनं त्याच्या हातून हिसकली आणि पदरात गाठ मारली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

डॉक्टर काय म्हणाला ते तिनं कोणालाच सांगितलं नाही. लाज म्हणा, भीती म्हणा. एकदा सांगितलं की पुढचं सांगावं लागलं असतं: शुद्ध आहे म्हणणारी मीच, आणि एकदम बंद करणारीही मीच. ती कोपऱ्यात तोंड मिटून बसली. आणि ती बोलत नव्हती म्हणून राजदीप बोलत होता. ऑटोत बसणाऱ्या प्रत्येकाला तो तळतळून सांगत होता, डोमाजीच्या पुडीनं माझ्या बापाला मारलं.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, माणसं पांगली, आणि नेरचा बाजार आला. नलू उठली. पदराची गाठ सोडून पुडी मुठीत घेतली. ती डोमाजीच्या तोंडावर मारायची आणि सगळ्या बाजारासमोर त्याला विचारायचं, की माझ्या बापाला काय चारलंस, एवढंच तिच्या डोक्यात होतं. कोणावर तरी ओरडल्याशिवाय तिला श्वास येणार नव्हता.

निंबाखाली ताडपत्री होती, पण तिच्यावर काही मांडलेलं नव्हतं. ना मुळ्या, ना पुड्या. डोमाजी खोडाला टेकून बसला होता. नलूनं त्याला याआधी जवळून कधी पाहिलंच नव्हतं. गोल चेहरा, गाल फुगलेले, मान दिसेनाशी झालेली. हातांवर जांभळे डाग. तिच्या मुठीतली पुडी तशीच राहिली.

"भीमराजची पोरगी ना तू?" डोमाजी म्हणाला. आवाज खोल गेलेला. "मार बाई, मले. मी नाही म्हणत नाही."

"तुम्ही बी हेच खात होते?"

"वरीसभर. तू शुद्ध हाय म्हटल्यापासून तं दोन्ही टाइम." त्यानं ओठ चाटले. "राजदीपनं सांगतलं, तशी सोडली. असं पाप आता पोटात नाही घालत. होत्या नव्हत्या त्या सगळ्या नाल्यात फेकल्या, माह्या हातानं."

"कधी?"

"झाले तीन-चार रोज. तवापासून पानी बी पोटात ठरत नाही. उभं राह्यलं की डोळ्यासमोर अंधार." तो हसायला गेला. "भोगा लागते बाई आपलं आपल्याले."

नलू तिथंच ताडपत्रीवर बसली. हाच आवाज तिनं फोनवर ऐकला होता आणि त्याच्यावर कडाडली होती. शेजारच्या भजीवाल्याकडून तिनं पाण्याचा गिलास मागून घेतला. मूठ उघडली. भीमराजची पुडी सोडली आणि डोमाजीच्या तळहातावर रिकामी केली.

"घ्या."

डोमाजी दचकला. "हे? जहर हाय म्हणून राह्यले सगळे..."

"हाय. पण एकदम सोडलं तं ते आणखी मारते. माहा बाप जहर खाऊन नाही गेला, डोमाजी. मी एकदम सोडाले लावलं म्हणून गेला." हे शब्द तिनं पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारले, तेही भर बाजारात. "घ्या, पानी प्या, आन् माह्यासंग दवाखान्यात चला. डॉक्टर हळूहळू सोडवतीन."

त्यानं भुकटी तोंडात टाकली. पाणी निम्मं सांडलं. नलूनं गिलास धरला, त्याची पाठ चोळली, मग राजदीपला फोन लावला, ऑटो घेऊन ये म्हणाली. कोणासाठी ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आला नसता.

डोमाजीला जरा धीर आला. डोळे मिटून तो म्हणाला, "एक काम मात्र चांगलं केलं बाई म्या. ज्यानं ज्यानं माह्यापासून पुडी नेली, त्याच्या घरी जाऊन आलो. पाय ओढत गेलो, पण गेलो. सांगतलं, आजच्या आज फेका. सगळ्याइनं माह्यासमोर फेकल्या. इतकं तं करा लागते ना माणसानं?"

नलूनं त्याचा दंड धरला.

"कोणाकोणाच्या घरी गेलते?"

डोमाजी डोळे मिटूनच आठवत एकेक नाव घ्यायला लागला. तिच्या मावशीचं नाव आलं. जिनिंगमध्ये बापासंगं बोजे वाहिलेल्या नागोरावचं आलं. तिच्याच आळीतल्या भुरीबाईचं आलं. नावं संपत नव्हती, आणि नलूच्या हातात आता पुडीचा नुसता कागद उरला होता.